लोहाऱ्याच्या रानातील स्वातंत्र्यसंग्राम

(कळंब येथील श्रोत्यांसमोर स्वातंत्र्यदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



श्रीचिंतामणीच्या या कळंबनगरीत स्वातंत्र्यदिनाचे स्मरण करताना दृष्टी सहजच दिल्लीच्या लाल किल्ल्याकडे वळते. परंतु स्वातंत्र्याची एक पाऊलवाट येथून जवळच, यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या रानातून गेलेली आहे.

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर येथे काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव संमत केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळण्यात आला. संघसंस्थापक डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही तो साजरा करण्याविषयी शाखांना पत्रक धाडले होते. १५ ऑगस्ट १९४७ उजाडण्यापूर्वी सतरा वर्षे या देशात स्वातंत्र्यदिन होता. स्वातंत्र्य मात्र नव्हते! आधी संकल्प, मग सिद्धी. त्या संकल्पाचे स्मरण म्हणूनच १९५० मध्ये त्याच दिवशी राज्यघटना अमलात आली.

१९३० मध्येच गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडाला समुद्र कुठला? अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करण्यात आले. परंतु वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी येथील शेतकऱ्याचे खरे दुखणे ओळखले. ज्या रानात पिढ्यानपिढ्या गुरे चरली, तेथील गवत कापणे राखीव जंगलाच्या कायद्याने गुन्हा ठरले होते. जुलै महिन्यात अण्यांनी पुसद येथे तो कायदा मोडला. परसत्ता म्हणजे काय, हे ज्याला व्याख्यानांतून कळले नसते, त्या शेतकऱ्याला ते गवताच्या एका पेंढीने समजावून दिले.

२१ जुलै १९३० रोजी डॉक्टर लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रहास उतरले. जाण्यापूर्वी सरसंघचालकपदाची धुरा त्यांनी डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपविली होती. डॉक्टरांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी अकोल्याच्या तुरुंगात झाली. अणे काँग्रेसचे पुढारी, डॉक्टर संघाचे प्रमुख. परंतु दोघांनी मोडलेला कायदा एकच होता.

मित्रहो, ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या गवतासाठी मोठी माणसे तुरुंगात गेली, त्याच जिल्ह्याचे नाव पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले. परकी सत्ता गेली, पण संकटात सापडलेला शेतकरी एकटाच राहिला. हा दोष केवळ सरकारच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येईल काय?

ध्वजवंदन झाले, मिठाई वाटली, की सुट्टी सुरू होते. या वर्षी प्रत्येक कुटुंबाने त्यातील एक तास काढावा आणि गावातील अडचणीत असलेल्या एका शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावे. त्याची विचारपूस करावी, मुलांच्या शिक्षणाचा भार उचलता येईल तेवढा उचलावा. लोहाऱ्याच्या रानात उचललेल्या विळ्याचे ऋण असेच फेडता येईल.

भारत माता की जय!