ड्रममधलं पाणी आणि मोहल्ल्यातला ताप

(मस्तगड, जालना येथे तरुण-तरुणींसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



ज्या मस्तगडाच्या परिसरात आपण जमलो आहोत, ती गढी १७२५ साली आसफजाहच्या हुकमावरून काबिल खानाने बांधली. पाहुणे आले की आपण त्यांना दरवाजावरचा फारसी शिलालेख दाखवतो. मला आतल्या विहिरीचं जास्त महत्त्व वाटतं. तट कितीही जाड असला तरी पाण्याशिवाय गढी टिकत नाही, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. त्याच्याही आधी, मलिक अंबरच्या काळात, जमशेद खानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी पाणी गावातल्या हौदांपर्यंत आणलं. इतिहासाचा अभिमान बाळगायचाच असेल तर या पाण्याच्या व्यवस्थेचा बाळगू या.

आता आपल्या घरात या. २०१२-१३च्या दुष्काळात जालना टँकरवर जगलं. पुढे जायकवाडीची जलवाहिनी आली, पण नळाला रोज पाणी काही आलं नाही. दुष्काळाने लावलेली साठवणीची सवय तशीच राहिली. न्हाणीघरात दोनशे लिटरचा निळा ड्रम, जिन्याखाली दुसरा, गच्चीवर झाकण तुटलेली टाकी, उन्हाळ्यात कूलर. पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून जे भांडं मिळेल ते आपण भरून ठेवतो.

आणि पावसाळा सुरू झाला की मोहल्ल्यात तापाची साथ येते. लोक म्हणतात, "नालीमुळे झालं." नाली साफ हवीच. पण डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, नालीत क्वचितच वाढतो. त्याला घरातलं साचलेलं, स्वच्छ पाणी लागतं. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ड्रमच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की त्यांतून अळ्या निघतात. आपल्याकडच्या उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. हा डास फार लांब उडत नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच गल्लीत वाढलेला असतो. तो दिवसा चावतो, म्हणून रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. मात्र दिवसा झोपणाऱ्या तान्ह्या बाळाला आणि तापाच्या रोग्याला ती जरूर लावा. डास रोग्याला चावूनच पुढे दुसऱ्याकडे रोग नेतो.

आता पाणी आठ-दहा दिवसांनी येणार असेल तर हा हिशेब बघा. नळाची पाळी आणि डासाची वाढ एकाच गतीने चालतात. त्यामुळे हा प्रश्न नुसता अस्वच्छतेचा नाही, आणि नशिबाचा तर नाहीच.

सरकारी पत्रकात लिहितात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा. ते बरोबरच आहे. पण जिने रात्री दोन वाजता उठून मोटार लावून पाणी भरलं, तिला ते ओतून दे म्हणायला आपली जीभ कशी रेटेल? पाणी भरणारी ही बहुतेक घरांत अम्मी असते, नाहीतर सकाळी शाळेत जायचं असलेली बहीण. म्हणून जमेल ते सांगतो. ड्रमवर जुनी ओढणी किंवा सुती कापड दोरीने घट्ट बांधा, फट ठेवू नका. नवं पाणी यायच्या आधी ड्रम तळाला जातो, तेव्हा आतली भिंत काथ्याने खरवडून घासा. नुसतं विसळून अंडी निघत नाहीत. कूलर आठवड्याला रिकामा करून पुसा. भंगाराच्या दुकानात पडलेले टायर छपराखाली न्या. मशिदीच्या हौदात वुजूसाठी पाणी कायम भरलेलं असतं, तिथे गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. आणि हे सगळं काम फक्त अम्मीवर आणि बहिणीवर टाकू नका. जुम्म्यासाठी आपण नहातो, धुतलेले कपडे घालतो. त्याच दिवशी मुलांनी घरातली सगळी भांडी तपासली तर आठवड्याचा हिशेब आपोआप पाळला जाईल.

दुसरी गोष्ट उपचारांची. आपल्याकडे ताप आला की इंजेक्शन आणि सलाईन लावून दुसऱ्या दिवशी कामावर जायची घाई असते. स्टील मिलमध्ये रोजंदारीवर जाणाऱ्याचा एक खाडा घरावर ओझं होतो, हे मला मान्य आहे. तरीही डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. भरपूर पाणी, ओआरएस आणि विश्रांती. ताप उतरला की धोका टळला असंही समजू नका. धोक्याची वेळ पुष्कळदा ताप उतरतानाच येते. पोटात जोराने दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं की लगेच रुग्णालय गाठा. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याने घाबरून कर्ज काढू नका. रोगी कसा आहे हे डॉक्टर बघतात, एकटा आकडा नाही.

शेवटचा मुद्दा नागरिक म्हणून आपल्या मागणीचा. साथ आली की आपण नगरसेवकाकडे धूरफवारणी मागतो. गाडी येते, धूर होतो, सगळ्यांचं समाधान होतं. त्या धुराने उडणारे काही डास मरतात, पण ड्रममधल्या अळ्या तशाच राहतात. आपली पहिली मागणी पाण्याच्या वेळापत्रकाची हवी. कोणत्या गल्लीत, कोणत्या दिवशी, किती वाजता पाणी येणार, हे आधी जाहीर झालं पाहिजे. भरवसा मिळाला तर माणूस चार ड्रमऐवजी दोन भरेल. ही मागणी एका जमातीची करू नका. डास घराघरांतून फिरताना कोणाचं नाव विचारत नाही. शेजारच्या प्रत्येक गल्लीतल्या सह्या घ्या, सगळ्यांनी मिळून अर्ज द्या आणि त्याची पोच मागून घ्या.

अर्ज मंजूर होईल तेव्हा होईल. काथ्या मात्र आज घरी आहे. घरी गेल्यावर ड्रमचं झाकण उघडा आणि मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात आत बघा. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर शेजाऱ्यालाही बोलावून दाखवा.