रिंगेने खरंच ॲव्हरेज वाढतं का?

आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. बचत गटाचा आणि गाडीचा काय संबंध, असं वाटेल. पण आपल्या श्रीवर्धनात कितीतरी घरं भाड्याच्या गाडीवर चालतात आणि पेट्रोलचे पैसे घरखर्चातूनच जातात.

आमच्या गटातल्या एका ताईंनी दोन हजारांचं कर्ज मागितलं. भावजी व्हॅनने म्हसळा-माणगावच्या फेऱ्या मारतात. त्यांना एका विक्रेत्याने पाती असलेली स्टीलची रिंग दाखवली. हवेच्या पाइपात बसवली की हवा गरगरत इंजिनात जाते, ताकद वाढते, ॲव्हरेजही वाढतं, असं सांगितलं. फुंकणीने फुंकलं की चुलीचा जाळ वाढतो, हे आपण रोज बघतो. म्हणून आम्हालाही पटलं आणि कर्ज मंजूर झालं.

महिन्याभरात ॲव्हरेज १४ वरून साडेपंधरावर गेलं. लगेच आणखी चौघींनी अर्ज दिले. म्हणजे गटाचे आठ हजार रुपये! तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, "आता ती रिंग काढून बघा."

रिंग काढली. गाडी तीच, रस्ता तोच, पंपही तोच. दर वेळी टाकी फुल्ल करायची आणि किलोमीटर, लिटर वहीत लिहायचे. महिन्याने हिशेब केला, तर ॲव्हरेज साडेपंधराच! रिंग बसवल्यापासून भावजी ॲव्हरेजवर लक्ष ठेवून सावकाश, एका वेगात गाडी चालवत होते. बचत केली पायाने, नाव झालं रिंगेचं.

असं का होतं? पेट्रोल इंजिनाला १ किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आताच्या गाड्यांत हे प्रमाण संगणक सांभाळतो. हवा जास्त आली, तर तो पेट्रोलही जास्त सोडतो. शिवाय रोजच्या चालवण्यात हवेच्या वाटेवरची झडप अर्धवटच उघडी असते. ती किती उघडायची हे आपला पाय ठरवतो. तिच्याआधी रिंग बसवून फायदा नाही, उलट हवेच्या वाटेत अडथळाच होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त साधनं तपासली. त्यांतल्या अगदी थोड्यांनीच फरक दाखवला, तोही किरकोळ.

मग करायचं काय? आपल्याकडची पीसीआरए ही इंधन बचतीचं काम करणारी संस्था सांगते, वेग ४५ ते ५५ ठेवा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, थांबलात की इंजिन बंद करा. आपल्या लाल धुळीत एअर फिल्टर वेळेवर बदला. त्याने नव्या गाडीचं ॲव्हरेज फारसं वाढत नाही, पण कोंडलेल्या फिल्टरने गेलेली ताकद परत येते.

चूक आमचीही होती. पापडाच्या मशीनसाठी कर्ज देताना आम्ही दहा प्रश्न विचारतो, रिंगेसाठी एकही विचारला नाही. ताई हप्ते फेडत आहेत. बाकीचे चार अर्ज त्या मैत्रिणींनी स्वतःच मागे घेतले. आता गटात नियम केला आहे. अशी वस्तू घ्यायची, तर आधी महिनाभर वहीत ॲव्हरेज लिहायचं आणि मगच कर्जाचं बोलायचं.

तुमच्या घरी गाडी असेल, तर आजच वही काढा. दहा रुपयांत येते.