गाठीची तपासणी पाड्यापर्यंत आली पाहिजे
(महिला मेळाव्यातील भाषण)



बायांनो, भावांनो, आज आपण वनजमिनीच्या दाव्यांसाठी जमलो आहोत. पण आधी एक दुसरी गोष्ट बोलायची आहे. ती बोलायला लाज वाटते, म्हणून राहून जाते. छातीतल्या गाठीची गोष्ट.

आमच्या एका मावशीच्या हाताला गाठ लागली तेव्हा भातकापणी चालू होती. दुखत नव्हती, म्हणून ती बोलली नाही. दिवाळीनंतर घरचे सगळे वीटभट्टीवर गेले. परत आल्यावर दवाखान्यात दाखवलं, तर गोळ्या देऊन घरी पाठवलं. मग तालुका, मग जिल्हा, मग मुंबई. मोखाड्याहून कसारा, कसाऱ्याहून लोकल. सोबत एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. आणि तिथं पुढची तारीख. रोग कोणता हे कळेपर्यंत वर्ष गेलं. तोवर काखेतही गाठ आली होती.

लोक म्हणतात, आदिवासी बाया उशिरा येतात. आम्ही विचारतो, मावशी उशिरा गेली, की तपासणीच तिच्याकडे आली नाही?

2016 साली सरकारनेच ठरवलं की 30 वर्षांवरच्या बायांची छाती दर पाच वर्षांनी हाताने तपासायची. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय निघालं? देशात 30 ते 49 वयाच्या बायांपैकी 1 टक्कासुद्धा बायांची ही तपासणी कधी झाली नव्हती. शहरातली पैसेवाली बाई खाजगीत जाते. आपण कुठे जायचं?

सुरुवातीला मोठं मशीन लागतं असंही नाही. परळच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायांना शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी हाताने तपासलं. गाठी लवकर सापडल्या. पन्नाशीपुढच्या बायांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. झोपडपट्टीत जमलं, ते पाड्यावर का जमू नये?

कोणी म्हणेल, उपकेंद्राला जागा नाही, जमीन जंगल खात्याची आहे. मग 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) दाखवा. ग्रामसभेची शिफारस असेल, तर दवाखान्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, एवढी अट आहे. म्हणजे ही लढाई जमिनीच्या लढाईपासून वेगळी नाही.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेत ठराव घ्या:

1. दरवर्षी दिवाळीआधी, लोक भट्टीवर जाण्याआधी, पाड्यावर तपासणीचा दिवस ठरवा.
2. गाठ सापडली तर सोनोग्राफी आणि सुईची तपासणी तालुक्यातच, एका फेरीत व्हावी.
3. बाईला व सोबतच्या माणसाला गाडीभाडं आणि बुडीत मजुरी मिळावी.

आणि बायांनो, गाठ लागली, कातडी आत ओढली, बोंडातून रक्त आलं, तर थांबू नका. सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात, बहुतेक नसतातच. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. आशाताईला सांगा, संघटनेच्या बाईला सांगा. एकटीने जाऊ नका, आम्ही सोबत येऊ.

जमीन आपली, जंगल आपलं, जीवही आपलाच. जिंदाबाद!