बोर्डावरचा चौकोनातला आकडा

‘एमसीबी सारखा पडतोय, एक नंबर मोठा टाकू का?’ वायरमनच्या फोनवर हा प्रश्न नेहमी येतो. विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं. पण वायरमन जाणकार असेल तर तोच उलट विचारतो : घर कुठे आहे, कितव्या मजल्यावर, ट्रान्सफॉर्मर किती लांब आहे, अर्थिंग कसं आहे? विचारणाऱ्याला वाटतं, हा उगाच वेळ काढतोय. हे प्रश्न का विचारावे लागतात आणि आपण वायरमनला कसं विचारलं तर नेमकं उत्तर मिळेल, हे आज सांगणार आहे.

घरातल्या एमसीबीचं, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचचं, तोंड नीट पाहा. झाकण उघडायचं नाही, नुसतं वाचायचं. त्यावर सी १६ किंवा सी ३२ असं काहीतरी छापलेलं असतं. सोळा म्हणजे सोळा अँपिअर. एवढा करंट तो सतत वाहू देतो. हा आकडा बहुतेकांना माहीत असतो. त्याच्याजवळ एका लहानशा चौकोनात ६००० किंवा १०००० असंही छापलेलं असतं. तिकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. शॉर्ट सर्किट झाल्यावर जास्तीत जास्त किती अँपिअर तोडण्याची त्या एमसीबीची ताकद आहे, ते हा आकडा सांगतो. यालाच ब्रेकिंग कॅपॅसिटी म्हणतात.

तुम्ही म्हणाल, सोळा अँपिअरच्या लाइनवर सहा हजार अँपिअर येणार कुठून? ते येतात ट्रान्सफॉर्मरमधून. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडले की मध्ये मिक्सर, गिझर, बल्ब असं अडवणारं काहीच उरत नाही. उरतो तो फक्त ट्रान्सफॉर्मरचा आणि तारांचा थोडासा विरोध. त्या क्षणी जो करंट वाहू शकतो त्याला शास्त्रात संभाव्य दोषप्रवाह म्हणतात. वायरमन त्याला फॉल्ट करंट म्हणतात, आपणही तेच म्हणू. पाण्याच्या टाकीच्या बुडाशीच पाइप फुटला तर लोंढा येतो आणि तोच पाइप गावाच्या टोकाला फुटला तर धार येते. फॉल्ट करंटचंही तसंच आहे, तो ठिकाणावर ठरतो.

आता थोडा हिशेब. २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. आपल्याकडे त्याच्या बाहेरच्या बाजूला ४३३ व्होल्ट असतात आणि पूर्ण भाराला तो साधारण २६७ अँपिअर देतो. त्याच्या पाटीवर इंपीडन्स, म्हणजे आतला विरोध, साडेचार टक्के लिहिलेला असतो. २६७ ला साडेचार टक्क्यांनी भागलं की अगदी ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवरचा फॉल्ट करंट मिळतो, जवळजवळ ५९०० अँपिअर. तोच ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीएचा असेल तर हा आकडा १८ हजारांच्या पुढे जातो. शहरातल्या मोठ्या सोसायट्यांच्या आवारात आता असे ट्रान्सफॉर्मर उभे असतात आणि मीटर रूम त्यांच्यापासून दहा-वीस मीटरवर असते. तिथं फॉल्ट करंट दहा हजारांच्या वरही असू शकतो.

तिथून वर फ्लॅटकडे जाताना मात्र तो झपाट्यानं उतरतो. दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीस मीटर वर नेली, तर जाऊन-येऊन साठ मीटर तारेचा विरोध ०.११ ओहम होतो. २३० व्होल्टला ०.११ ने भागलं की दोन हजारांच्या आसपास अँपिअर उरतात. म्हणजे वरच्या मजल्यावर ६००० चा एमसीबी आरामात पुरतो. तोच एमसीबी खाली मीटर रूममध्ये किंवा तिला लागून असलेल्या दुकानात कमी पडू शकतो.

कमी पडला तर काय होतं? एमसीबी उघडताना आत ठिणगी नव्हे, चांगला मोठा आर्क तयार होतो. आतल्या लोखंडी पट्ट्या त्या आर्कचे तुकडे करून तो विझवतात. करंट ताकदीबाहेरचा असेल तर आर्क विझत नाही. काँटॅक्ट एकमेकांना चिकटतात, नाहीतर डबीच फुटते. जुन्या इमारतींतल्या चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजची ताकद तर आणखी कमी. त्यात जाड तांब्याची तार गुंडाळली की तो नावाचाच फ्यूज राहतो. म्हणून सोसायटीत मोठा ट्रान्सफॉर्मर बसला, तर मीटर रूममधल्या जुन्या फ्यूज-स्विचचाही फेरविचार व्हायलाच हवा.

हे झालं शहराचं. गावाकडे दुखणं नेमकं उलटं असतं. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, लांब, लाइन लांबलचक, आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत जाऊन-येऊन विरोध एक ओहम झाला, असं धरा. म्हणजे फॉल्ट करंट फक्त २३० अँपिअर. इथं ब्रेकिंग कॅपॅसिटीची काळजी नाही. काळजी वेगळीच आहे. सी प्रकारचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या दहापट करंट आला तरच क्षणात पडेल याची खात्री देतो. सी ३२ ला त्यासाठी ३२० अँपिअर हवेत. इथं तेवढे मिळतच नाहीत. मग आतली पट्टी तापून तो पडण्याची वाट बघायची आणि त्याला काही सेकंद लागू शकतात. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरचं पीव्हीसी मात्र २३० अँपिअर जेमतेम अर्धा सेकंद सोसतं. सी १६ असता तर १६० अँपिअरलाच पडला असता. आता सांगा, सोळाचा काढून बत्तीसचा टाकू का, याचं उत्तर फोनवर एका शब्दात कसं देणार?

फेज जर फ्रिजच्या किंवा मोटरच्या पत्र्याला लागली तर चित्र आणखी वेगळं होतं. तिथं करंट अर्थिंगमधून, म्हणजे मातीतून परततो. त्या वाटेचा विरोध दहा ओहम असला तरी करंट होतो तेवीस अँपिअर. बत्तीसच्या एमसीबीला तो दोष वाटतच नाही, आणि सोळाचा एमसीबीही पडायला बराच वेळ घेऊ शकतो. तोवर पत्रा जिवंत राहतो. इथं जीव वाचवतो तो करंट जमिनीत गळताच लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. मात्र आरसीसीबी एमसीबीची जागा घेत नाही, दोन्ही लागतात.

आता विचारण्याच्या रीतीकडे येऊ. व्हॉट्सॲपवर नुसता काळ्या पडलेल्या प्लगचा फोटो आणि खाली ‘अर्जंट’ असं पाठवून वायरमनला काही कळत नाही. आधी ओळख द्या, मग कोणता एमसीबी पडतो, काय चालू केल्यावर पडतो, लगेच पडतो की अर्ध्या तासानं, अलीकडे एसी, गिझर असं काही नवीन बसवलं का, हे लिहा. बोर्डाचा फोटो झाकण बंद ठेवून, आकडे वाचता येतील असा काढा. त्यासाठी स्क्रू उघडायची गरज नाही.

‘बघितल्याशिवाय सांगता येणार नाही,’ असं वायरमन म्हणाला तर नाराज होऊ नका. तो माणूस भरवशाचा आहे असं समजा. फॉल्ट करंट मोजायला लूप टेस्टर लागतो, तो चालू लाइनवर लावावा लागतो आणि ते शिकलेल्याच माणसाचं काम आहे. घरातल्या साध्या मल्टिमीटरनं तो मोजायला जाऊ नका. येऊन बघण्याचे पैसे किती, हे आधीच विचारा आणि काम दुसऱ्याला दिलं तरी ते पैसे द्या. एका वायरमनचा सल्ला दुसऱ्याला पाठवून ‘हा बरोबर बोलतोय का’ असं गुपचूप तपासण्यापेक्षा, दुसरं मत घेतोय असं सरळ सांगावं. परवाना असलेल्या वायरमनला सहसा त्याचा राग येत नाही. उद्या काही झालं तर जाब त्यालाच विचारतात. म्हणून तो जपून बोलतो.

दोन गोष्टी मात्र कधीच सांगू नका. एक, ‘लाइन बंद करू नका, सिरियल चालू आहे, तसंच करा.’ दुसरी, ‘डीपीवर चढून फ्यूज टाका ना.’ डीपी, खांब, मीटरपर्यंतची लाइन हे वीज कंपनीचं काम आहे. त्यासाठी १९१२ वर तक्रार नोंदवा. ओळखीच्या पोराला वर चढवणं म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणं. जळका वास येत असेल, बोर्ड गरम लागत असेल, तर मात्र वेळ-अवेळ बघू नका. मेन स्विच बंद करा आणि मग फोन करा.

वायरमन घरी आला की एक प्रश्न जरूर विचारा : ‘दादा, आमच्या बोर्डावर फॉल्ट करंट किती येतो आणि हा एमसीबी त्याला पुरतो का?’ अर्थिंगमधून जाणाऱ्या फॉल्टचं काय, अर्थिंग किती ओहम आहे, हेही विचारा. जे आकडे ते सांगतील ते तारखेसह कागदावर लिहून बोर्डाच्या दाराला आतून चिकटवायला सांगा. पुढच्या वेळी कोणीही वायरमन आला, तरी त्याला अंदाजानं सुरुवात करावी लागणार नाही. आणि शेजारच्यांनी, मेहुण्यांनी किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओनं सांगितलेला एमसीबी आणण्याआधी एवढंच आठवा की त्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर सारख्या अंतरावर असेलच असं नाही.