गावाला कसला डॉक्टर हवा?

हेडफोन लावा, आज डॉक्टरकीबद्दल बोलूया.

मी विदर्भातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर आहे. नीटची तयारी करणारी पोरं विचारतात, "मॅडम, पुढे पीजीला काय घ्यावं?" मी म्हणते, फॅमिली मेडिसिन. लगेच पुढचा प्रश्न येतो, "असंही काही असतं?"

असतं की! एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा डीएनबी करता येतो. आणि गावाला त्याची खरी गरज आहे. सरकारी निकषानुसार सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक पीएचसी, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे. एकाच सकाळी माझ्यापुढे आठवा महिना लागलेली बाई, तापानं फणफणलेलं बाळ, साखर वाढलेले आजोबा आणि साप चावलेला शेतकरी येऊन बसतात. मोठ्या हॉस्पिटलात पेशंट आधीच विभागवार वाटलेले असतात. इथे ती वाटणी मलाच करायची. कुणाला इथेच ठेवायचं, कुणाला लगेच पुढे पाठवायचं, हा निर्णय चुकला तर जीव जातो. मग हे शिकवायचं कुठे? जिथे असे पेशंट येतात तिथेच ना!

आपल्याकडे याचं जुनं उदाहरण आहे. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलं. तिथली प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी मुलं गावात राहायला जातात, वाटून दिलेल्या कुटुंबांकडे नंतरही जात राहतात. आता देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा भाग आलाय. तो नुसता फॉर्म भरण्यापुरता उरू नये, एवढंच.

घरी गेल्यानं काय कळतं? माझ्याकडच्या एका ताईंचं हिमोग्लोबिन वाढतच नव्हतं. गोळ्या तर नियमित चालू. आशाताईंसोबत घरी गेले तेव्हा दिसलं, त्या गोळी चहाबरोबर घेत होत्या. चहामुळे लोह अंगी नीट लागत नाही. ओपीडीच्या दोन मिनिटांत हे कधीच कळलं नसतं.

"गावात गेलं की करिअर संपलं" असंही ऐकायला मिळतं. डॉ. हिंमतराव बावसकर बघा. रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूर भागात त्यांनी विंचूदंशाचे पेशंट बारकाईनं तपासले, प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं, आणि ते काम 'द लॅन्सेट'पर्यंत पोचलं.

पण खरं सांगू? नुसत्या प्रेरणेवर कुणी टिकत नाही. रात्री दोनला अडलं तर फोन उचलणारा सीनियर हवा. क्वार्टरमध्ये पाणी हवं, मुलांना शाळा हवी. बॉण्डचं वर्ष संपलं की डॉक्टर निघून जातो, त्यामागे बऱ्याचदा हीच कारणं असतात.

तुम्ही मेडिकलला नसाल तरी एक काम करा. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: आपल्या पीएचसीत डॉक्टर राहतो का? नसेल राहत, तर का नाही? उत्तर काय मिळालं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.