जुनी मोटार, आग आणि गॅरेजातला माणूस



जुन्या मोटारींवर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. जुनी गाडी हौसेने बाळगणे हे ज्यांच्या अंगणात दोन गाड्या मावतात त्यांचे काम; आम्ही त्यांतले नव्हे. परंतु गाडीखाली जो उताणा निजलेला असतो, त्याच्याशी आमचा पुष्कळ वर्षांचा संबंध आहे. मोटारीचे शास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. मिस्त्रींच्या शेजारी बसून आणि सार्वजनिक वाचनालयातली पुस्तके चाळून जे कळले, ते सांगतो.

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात गेली. अँबॅसडर उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघावयाची २०१४ सालीच थांबली होती. पण कारखाना बंद पडला म्हणून गाडी मरत नाही. उलट तिला आता किंमत आली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, तेव्हापासून तर कोठाराच्या कोपऱ्यात कोंबड्या बसत असलेल्या गाड्याही बाहेर निघू लागल्या. मालक रंगावर लाख-दोन लाख खर्च करतो, क्रोमचे बंपर चकचकीत करून घेतो, गादीचे कापड मूळच्यासारखेच पाहिजे म्हणून चार शहरे पालथी घालतो. आणि पेट्रोलची रबरी नळी? ती जुनीच राहते. ती कुणाला दिसत नाही ना!

आग बहुधा तिथेच लागते. अँबॅसडरचे जुने १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन पाहा. त्यात कार्बुरेटर आणि एक्झॉस्ट हे दोन्ही एकाच बाजूला, आणि कार्बुरेटर वर. म्हणजे चुलीच्या वर तेलाचे भांडे टांगावे तशी ही रचना. नळीला चीर गेली, क्लिप सैल झाली, किंवा कार्बुरेटरातल्या फ्लोटची सुई कचरा अडकून उघडी राहिली, की पेट्रोल खाली झिरपणार, आणि खाली तापलेले लोखंड. शिवाय पेट्रोलचा वास येतो तेव्हा मालक म्हणतो, "जुनी गाडी आहे, वास यायचाच." नाही हो! धडधाकट गाडीला, मग ती १९३० सालची का असेना, वास येण्याचे कारण नाही.

यात आता नवी भर पडली आहे. २०२५ पासून पंपावर सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे वीस टक्के इथेनॉल असते. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा लाभ होत असेल तर आमचे त्याच्याशी भांडण नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीचे रबर या मिश्रणासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगते, मग कडक होते, मग तडकते. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग बदलावे लागतील, हे सरकारनेही मान्य केले आहे. इथेनॉल चालते असा दर्जा ज्या नळीवर छापलेला आहे ती घ्यावी आणि पंपापासून कार्बुरेटरपर्यंत सगळ्याच नळ्या बदलून टाकाव्यात. रंगाच्या खर्चापुढे हा खर्च चिल्लर आहे.

विजेच्या तारांविषयी थोडक्यात सांगतो. जुन्या ब्रिटिश घडणीच्या पुष्कळ गाड्यांत फ्यूज जेमतेम दोन, आणि हेडलाइटच्या तारेला तर फ्यूजच नाही. वरचे कापड कुजले, तार पत्र्याला टेकली, की बॅटरीची सगळी ताकद तिथे उतरते. बॅटरी तोडण्याचा एक खटका बसवून घ्यावा आणि गाडी उभी करून ठेवताना तो बंद करावा.

आता ज्यासाठी आम्ही येथे उभे राहिलो त्या गोष्टीकडे येतो. टाकीकडे.

जुन्या गाडीची टाकी आतून गंजते व गळू लागते. मालक म्हणतो, जरा झाळ मारून दे. टाकी उतरवतात, पेट्रोल ओतून काढतात, एक दिवस उन्हात ठेवतात आणि गॅसची बत्ती लावतात. आमच्या माहितीतल्या एका गॅरेजात असेच झाले. मुलगा एकोणीस वर्षांचा होता. टाकी फुटली, तोंड आणि दोन्ही हात भाजले. दवाखान्यात जो तो आम्हांला एकच वाक्य सांगत होता : "टाकी तर रिकामी होती."

रिकामी होती म्हणूनच फुटली. पेट्रोल जळत नाही. जळते ती पेट्रोलची वाफ, आणि तीही हवेशी ठराविक प्रमाणात मिसळली तरच. शंभर भाग मिश्रणात साधारण दीड ते साडेसात भाग वाफ असली की ती पेट घेते. भरलेल्या टाकीत उरलेल्या जागेतली वाफ सहसा याहून दाट असते. रिकाम्या टाकीच्या सांध्यात आणि गंजाच्या पापुद्र्यात जे दोन-चार चमचे पेट्रोल दडून राहते, ते बत्तीच्या उष्णतेने बाहेर येते आणि नेमके हेच प्रमाण जुळून येते. वाफ हवेहून तीन-चार पट जड असते, म्हणून ती उडून जात नाही. गाडीखालच्या खड्ड्यात जाऊन बसते. मग मिस्त्री तारेच्या टोकाला साधा बल्ब लावून खड्ड्यात उतरतो, बल्ब आपटून फुटतो, आणि पुढचे सांगावयास नको.

हे ज्ञान नवे आहे काय? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३७ व्या कलमातच घालून दिले होते की, ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा होता, ती आतील वाफेसकट साफ केल्यावाचून तिला वेल्डिंग करू नये. "किंवा होता" हे शब्द ज्याने घातले, त्याने अशा टाक्या पाहिल्या असल्या पाहिजेत. खड्ड्यात नि टाकीत वापरावयाच्या हातदिव्याला चोवीस व्होल्टची मर्यादाही पुढे त्याच कायद्यात आली. पण कायदा मुळात दहा कामगार व वीज असलेल्या जागेला लागू होता. उस्ताद, एक मिस्त्री आणि दोन पोरे असलेले गॅरेज कारखान्यात मोडलेच नाही. आणि जुन्या गाड्या दुरुस्त होतात त्या पुष्कळदा अशाच ठिकाणी, कारण हातात कसब आहे ते तिथल्याच माणसांच्या.

प्रत्यक्ष आग लागली तर काय करावे, हे लोक नेहमी विचारतात. किल्ली बंद करावी. विजेचा पेट्रोलपंप नव्याने बसवला असेल तर इंजिन थांबले तरी तो पेट्रोल ओततच राहतो. सगळ्यांनी उतरून लांब जावे. बॉनेट पुरते उघडू नये, हवा मिळताच ज्वाळा तोंडावर येते. फटीतून कोरड्या पावडरीच्या सिलिंडरचा मारा करावा, पाणी ओतू नये. पावडरीने अॅल्युमिनियम व क्रोम खराब होते म्हणून हात आखडणारेही आम्ही पाहिले आहेत! पावडर नंतर धुता येते. आणि ज्यांच्या गाडीत शोभेसाठी जुना पितळी पंपासारखा आगविझव्या टांगलेला असेल, त्यांनी तो रिकामा असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. त्यात कार्बन टेट्राक्लोराइड भरत असत, आणि ते आगीत तापले की फॉस्जीन होतो, पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला गेलेला तोच विषारी वायू.

जळलेली गाडी पुन्हा उभी राहते काय? कधी राहते. जस्ताच्या मिश्रधातूचा कार्बुरेटर चारशे अंशांच्या आसपास वितळतो, अॅल्युमिनियम ६६० अंशांना. काय वितळले आणि काय राहिले यावरून मिस्त्री आगीची धग कुठवर गेली ते ओळखतो. तारांवरचे प्लास्टिक जळून जो धूर बसतो त्यात आम्ल असते, तो लगेच धुतला नाही तर पत्रा आठवडाभरात गंजतो. स्प्रिंगांचे पाणी उतरते, त्या बदलाव्याच लागतात. पैसा असला की हे सारे होते. त्या मुलाची बोटे मात्र आजही पुरती मिटत नाहीत, आणि पाना धरावयाचा तर मूठ मिटावी लागते.

टाकी नीट वाफेने धुवून घ्यावयास, किंवा नवीच घडवून घ्यावयास, दिवस-दोन दिवस जास्त लागतात. आम्ही गॅरेजवाल्यांशी बोलतो तेव्हा ते म्हणतात, "साहेब, आमची तयारी आहे, पण तो दिवस बिलात लावला की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते." ते गिऱ्हाईक या सभागृहातही बसलेले असेल. पुढच्या वेळी बिलात टाकी धुण्याची मजुरी वेगळी लिहिलेली दिसली, तर तेवढ्या एका आकड्यावर घासाघीस करू नका. आणि ती लिहिलेली नसेल, तर टाकी कशी साफ केली ते विचारा.