स्वयंनिर्णयाची दोन मापे



घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे माप वेगळे ठेवणारा व्यापारी आपल्या ओळखीचा आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत एका थोर तत्त्वाच्या बाबतीत हाच व्यवहार झाला. ते तत्त्व म्हणजे राष्ट्रांचा स्वयंनिर्णय. त्या काळाचे सारे खापर हिटलरच्या माथी फोडून हिशेब बंद करण्याची आपल्याला सवय आहे. हिटलर दुष्ट होता, यात वाद नाही. परंतु १९३८ साली त्याने जे हत्यार वापरले ते त्याने घडवलेले नव्हते. ते शहाण्यासुरत्या माणसांनी आधीच घडवून ठेवले होते, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

१९१८ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आपली १४ कलमे जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात स्वयंनिर्णय हा शब्द जाहीरपणे उच्चारला. त्यांचे परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांना मात्र या शब्दात सुरुंगाची दारू भरलेली दिसली. स्वयंनिर्णय कोणाचा? जातीचा, भाषेचा, की एका मुलखात राहणाऱ्या सर्वांचा? या प्रश्नाचे उत्तर न देताच पॅरिसला नकाशे आखले गेले.

आशियाला या शब्दाचा अर्थ लवकरच कळला. १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी आपले प्रतिनिधी म्हणून लोकमान्य टिळकांची इतरांबरोबर निवड केली. लोकमान्य त्या वेळी विलायतेतच होते. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानचा हक्क मांडला. परिषदेत हिंदुस्थानच्या नावाने बसले ते मात्र सरकारच्या पसंतीचे बिकानेरचे महाराज आणि लॉर्ड सिन्हा. १९१९ च्या एप्रिलमध्ये जपानने राष्ट्रसंघाच्या घटनेत राष्ट्रांच्या समानतेचा उल्लेख करण्याची सूचना मांडली. १७ पैकी ११ मते अनुकूल पडली. तरीही एकमत नाही, या कारणास्तव अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनीच ती सूचना नामंजूर ठरवली.

आता युरोपात काय झाले ते पाहू. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे स्वतंत्र राज्य जाहीर झाले. मासारिक यांच्यासारखा तत्त्वज्ञ त्याचा अध्यक्ष झाला. चेक लोकांनी शतकानुशतके परक्यांची सत्ता सोसली होती. त्यांच्या आनंदात आपण मनाने सहभागी व्हावे असाच तो प्रसंग होता. पण १९२१ च्या शिरगणतीत सुमारे १ कोटी ३६ लाख लोकसंख्येपैकी ३१ लाखांवर लोक जर्मन निघाले. सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात ते दाट वस्ती करून होते. त्यांनीही स्वयंनिर्णय मागितला आणि ऑस्ट्रियाशी जोडले जाण्याची इच्छा प्रकट केली. ती नाकारण्यात आली. ४ मार्च १९१९ रोजी त्यांनी निदर्शने केली, तेव्हा गोळीबारात पन्नासाहून अधिक माणसे मेली.

चेक लोकांचीही बाजू होती. ते डोंगर गेले तर देशाला संरक्षण उरत नव्हते. शिवाय जर्मनांना त्यांनी चिरडून टाकले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जर्मन शाळा होत्या, प्रागमध्ये जर्मन विद्यापीठ होते, आणि जिथे वस्ती शेकडा २० भरेल तिथे कचेरीत आपली भाषा वापरण्याचा हक्क १९२० च्या कायद्याने दिला होता. १९२६ पासून जर्मन पक्षांचे मंत्रीही सरकारात बसत. पुढे जागतिक मंदी आली. काच आणि कापड परदेशी पाठवून जगणारे जर्मन जिल्हे बेकारीने अधिक पोळले. जुनी जखम भरत आली होती, ती पुन्हा वाहू लागली. १९३५ च्या निवडणुकीत हेन्लाइनच्या पक्षाला देशात सर्वांत अधिक मते मिळाली.

अल्पसंख्यांच्या रक्षणासाठी राष्ट्रसंघाने करार केले नव्हते काय? केले होते, पण ते पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया अशा नव्या वा वाढलेल्या राज्यांवर लादलेले होते. इंग्लंड-फ्रान्सवर असे बंधन नव्हते, आणि जर्मनीवरही एका तुकड्यापुरतेच होते. तो तुकडा म्हणजे अप्पर सायलेशिया. १९२२ च्या जिनिव्हा करारामुळे तिथे अल्पसंख्यांना संरक्षण होते. १९३३ साली ज्यू म्हणून नोकरी गेलेल्या तिथल्या एका सामान्य कारकुनाने राष्ट्रसंघाकडे अर्ज केला, आणि हिटलरच्या सरकारला माघार घ्यावी लागली! करार संपेपर्यंत, म्हणजे १९३७ च्या जुलैपर्यंत, ज्यूंविरुद्धचे कायदे त्या भागात लागू होऊ शकले नाहीत. सरहद्दीपलीकडच्या ज्यूंना मात्र कोणतेच कवच नव्हते. तोच कायदा सर्वांना लागू असता तर हिटलर थांबला असता, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला अडवण्याचा हक्क जगाला १९३३ सालीच मिळाला असता.

मग १९३८ चा सप्टेंबर आला. स्वयंनिर्णयाच्याच नावाने हिटलरने तो मुलूख मागितला. म्युनिकला चार राष्ट्रे बसली; ज्याचा देश कापावयाचा त्याला जागा नव्हती. ऑक्टोबरात पोलंडने टेशेनचा लचका तोडला आणि नोव्हेंबरात हंगेरीने आपला वाटा उचलला. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. टेशेन घेणारा पोलंड पुढे सहा महिन्यांत स्वतःच वाटला गेला. १९४५ नंतर सुमारे ३० लाख जर्मनांना चेकोस्लोव्हाकियातून घालवून देण्यात आले. त्यांत हिटलरला न मानणारेही होते आणि पाळण्यातली मुलेही होती. पुढे १ जानेवारी १९९३ रोजी चेक आणि स्लोव्हाक वाटाघाटी करून, रक्ताचा थेंब न सांडता वेगळे झाले. म्हणजे नवे राज्य होण्यात पाप नाही.

राष्ट्रवादाचा द्वेष करावा, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. ज्याने पारतंत्र्य भोगले त्याला तो उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे? आमचे सांगणे इतकेच, की राष्ट्रवादाची परीक्षा झेंडा चढवण्याच्या दिवशी होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, वेगळी भाषा बोलणारा शेजारी कचेरीत अर्ज घेऊन येतो तेव्हा ती होते. जो हक्क आपण काल मागितला तोच आज तो मागत असतो. अशा वेळी आपल्या हातात कोणते माप आहे, ते ज्याने त्याने पाहावे.